पहाटे रंग उतरवताना: एका दशावतारी चेहऱ्याचं प्रकरण

आंगणेवाडीची जत्रा होऊन चार दिवस झाले होते. दुपारी पार्लरचं शटर अर्धं ओढून मी डबा उघडायला बसले, तेवढ्यात दारात माझा भाचा. डोक्यावर टोपी, तोंडाला रुमाल. रुमाल सोडला तेव्हा माझ्या हातातला घास हातातच राहिला. दोन्ही पापण्या सुजलेल्या, गाल लालबुंद, नाकपुड्यांच्या कडेला साल निघालेलं. "मावशे, तोंडाची नुसती आग आग होता गो," एवढंच म्हणाला आणि खुर्चीत बसला.

मुलगा 24 वर्षांचा. वेंगुर्ले तालुक्यातल्या एका गावचा, दशावतारी कंपनीत, म्हणजे कोकणातल्या जत्रांत देवळापाशी रात्रभर नाटक करणाऱ्या मंडळीत, स्त्रीपार्टी म्हणजे बाईची भूमिका करतो. त्याचा हा तिसरा हंगाम होता. मी कुडाळात 19 वर्षं पार्लर चालवते, नवऱ्या सजवते, रंग चढवणं आणि उतरवणं हे माझं रोजचं काम. तरी हे प्रकरण उलगडायला मला सात महिने लागले. त्याच्या परवानगीनेच लिहिते आहे. त्याचं आणि कंपनीचं नाव देत नाही, कारण यात कंपनीचा काहीच दोष नाही.

दशावतार ज्यांनी पाहिलाय त्यांना त्याची रात्र कशी असते हे सांगायला नको. कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की मे महिना संपेपर्यंत कंपनी जवळजवळ रोज एका गावात. संध्याकाळी टेम्पोतून पेटारे उतरतात, देवळाच्या मागे किंवा धर्मशाळेत आरसा टेकवून ज्याचा तो रंगतो. इथे वेगळा मेकअपमन नसतो. पालखी फिरून आली की नाटक सुरू होतं, ते कोंबडा आरवेपर्यंत चालतं. म्हणजे रंग चेहऱ्यावर सात-आठ तास. घाम गळतो, वर पावडरचा थर चढतो, पुन्हा घाम. हा रंग तेला-मेणात घोटलेला असतो, आणि तसा असतो म्हणूनच घामाने वाहून जात नाही.

उतरवायचं काम पहाटेचं. दहीकाला झाला, गाऱ्हाणं झालं, की सगळ्यांनाच घाई. जुने कलाकार खोबरेल तेल चोपडतात, जुन्या धोतराच्या फडक्याने पुसतात आणि विहिरीवर जाऊन साबणाने तोंड धुतात. भाचाही पहिली दोन वर्षं तसंच करायचा. पण पहाटेच्या अंधारात विहीर दूर, देवळाजवळ नळ एकच, त्यावर पंधरा माणसं, आणि टेम्पोवाला हॉर्न वाजवतोय. मग तेल पुसून तसाच टेम्पोत झोपायचा. तेलकट तोंडावर रस्त्याची लाल माती बसायची. दुसऱ्या हंगामाच्या शेवटी कपाळ आणि हनुवटी पुटकुळ्यांनी भरली. खोबरेल काहीजणांच्या चेहऱ्याची छिद्रं बुजवतं, तेल धुतलं गेलं नाही की जास्तच, त्यामुळे त्याची तक्रार खरीच होती. तेलाचे डाग भरजरी शालूला लागायचे ते वेगळंच.

म्हणून तिसऱ्या हंगामाच्या सुरुवातीला, सोनुर्लीच्या जत्रेनंतर लगेच, त्याने ऑनलाइन मेकअप रिमूव्हर वाइप्स मागवले. 30 वाइप्सचं पाकीट, चार पाकिटं एकत्र घेतली तर स्वस्त. पाकिटावर ठसठशीत लिहिलेलं: पाण्याची गरज नाही. ज्याला पहाटे पाणी मिळत नाही त्याला आणखी काय हवं? पहिला महिनाभर तो खूशच होता. पुटकुळ्या बसल्या, शालू स्वच्छ राहिले, सगळ्यांच्या आधी तोंड मोकळं करून तो टेम्पोत मागची जागा धरायचा. कंपनीतल्या दोन पोरांनी त्याचं बघून पाकिटं मागवली.

संक्रांतीच्या सुमारास डोळ्यांखाली खाज सुटली. थंडीने असेल म्हणून त्याने आठ दिवस काढले. मग गाल चुरचुरायला लागले. घरी सगळ्यांनी ठरवलं, "रंगाचाच काय ता असतला." त्याने रंग बदलला, महागातला आणला. फरक शून्य. कंपनीतले म्हातारे राजपार्टी, म्हणजे राजाची भूमिका करणारे, म्हणाले, "आमी चाळीस वर्सां रंग लावतंव, आमका कायएक झाला नाय." त्यांचं म्हणणं तेव्हा कोणी मनावर घेतलं नाही, पण या प्रकरणातला पहिला खरा धागा तोच होता.

दुसरी चूक औषधाच्या दुकानात झाली. कुणीतरी सांगितलेली ट्यूब त्याने आणली. तीन दिवसांत लाली गेली, थांबवली की दुप्पट उसळली, पुन्हा लावली. त्या ट्यूबमध्ये जोरदार स्टिरॉइड होतं. असली मलमं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय द्यायची नसतात, तरी ती गोरं करणारं क्रीम म्हणून, खाजेचं क्रीम म्हणून हातोहात खपतात. माझ्याकडे येणाऱ्या किती मुलींचे चेहरे या ट्यूबांनी पातळ, लाल आणि केसाळ करून ठेवलेत! इथे त्या ट्यूबने आणखी एक घात केला. मूळ दुखणं झाकलं गेलं, आणि रोज त्याच वाइप्सने तोंड पुसणं चालूच राहिलं.

त्या दुपारी मी त्याला खिडकीपाशी उजेडात बसवलं आणि तोंड सोडून बाकी सगळं पाहिलं. गळा लाल. कानामागे लाल. मग मान पुढे वाकवायला लावली. मानेच्या मागे, केसांच्या रेषेखाली, तळहाताएवढा पट्टा तसाच लाल, खरखरीत.

"मागच्या मानेक रंग लावतंस काय रे?"

"नाय. थय गंगावन येता. रंग कित्याक लावू?"

मग तिथे काय लागतं? थोडा विचार करून तो म्हणाला, खाडा असेल त्या दिवशी मोटरसायकलवरून घरी जाताना धुळीचं तोंड-मान त्याच वाइपने पुसतो, गार वाटतं. उजव्या हाताचा अंगठा आणि पहिली दोन बोटं पाहिली. टोकांना चिरा पडलेल्या. वाइप ज्या चिमटीत धरतात तीच बोटं. रंग तो दोन्ही हातांनी लावतो, डावा हात मात्र साफ होता.

त्याच्या पिशवीत अर्धं पाकीट होतंच. मी तिथेच दोन गोष्टी करून पाहिल्या, आणि त्या कुणालाही घरी करता येतील. एक वाइप स्टीलच्या पेल्यात पिळला, अर्धा पेला पाणी घातलं, वर तळहात दाबून खळखळवलं. हात काढला तर बोटभर फेस. भाचा बघतच राहिला. वाइपमध्ये नुसतं सुगंधी पाणी नसतं. रंग सुटावा म्हणून त्यात साबणाच्या जातीची रसायनं असतात, म्हणजे एका टोकाने तेल धरणारी आणि दुसऱ्या टोकाने पाणी धरणारी. फेसवॉशमध्येही ती असतातच, पण फेसवॉश आपण धुऊन टाकतो. वाइपमधली चेहऱ्यावर वाळतात. कातडीच्या वरच्या थरात पेशींच्या मधे जे तेल असतं, जे ओलावा आत धरून ठेवतं, ते ही रसायनं तासन्‌तास हळूहळू ओढून काढत राहतात. भाच्याच्या बाबतीत पहाटे पाचपासून दुपारी उठेपर्यंत.

दुसरी गोष्ट मी माझ्या हातावर केली. त्याचाच केशरी रंग मनगटाच्या वर दोन ठिकाणी लावला, सुकू दिला. एक ठिपका वाइपने पुसला. पहिल्या पुसण्यात बराच निघाला, दुसऱ्यात तो आजूबाजूला पसरला, तिसऱ्यात हात घासून लाल झाला तेव्हा कुठे स्वच्छ दिसला. दुसऱ्या ठिपक्यावर दोन थेंब खोबरेल, बोटाने गोल फिरवलं, अर्ध्या मिनिटात रंग तेलात विरघळला, मऊ फडक्याने टिपला. मग पांढरा कापूस ओला करून दोन्ही जागा पुसल्या. वाइपच्या जागेवरचा कापूस केशरी झाला, तेलाच्या जागेवरचा नुसता पिवळसर, तेलकट. तेलातला रंग तेलानेच सुटतो, तिथे घासावं लागत नाही. आणि भाचा रोज सहा-सात वाइप्स घासत होता, तेही पापण्यांवर, जिथली कातडी जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीची.

वाइप्स बंद, ट्यूब बंद, आणि उद्याच कातडीच्या डॉक्टरांकडे, असं सांगून मी त्याला घरी पाठवलं. डॉक्टरांनीही पाकीट मागून घेतलं. दोन आठवडे रंगाला हात लावू नकोस म्हणाले. स्टिरॉइडची सवय हळूहळू सोडवली, साधं व्हॅसलीन आणि सौम्य मलम दिलं. दहा नाईटींचे, म्हणजे दहा रात्रींच्या नाटकांचे, पैसे बुडाले. हे लिहिताना मला अजून वाईट वाटतं, कारण या पोरांची सहा महिन्यांची कमाईच वर्षभर पुरवायची असते. मार्चअखेरीस तोंड बऱ्यापैकी निवळलं, तेल आणि पाण्यावर त्याने उरलेला हंगाम काढला, पावसाळ्यात चेहरा पूर्ववत झाला. मला वाटलं, घासण्याने आणि न धुण्याने झालेलं दुखणं होतं, संपलं. पण मी अर्धंच ओळखलं होतं.

चतुर्थीला आठवडा असताना त्यांच्या घरी गणपतीच्या खोलीला रंग काढला. साधा पाण्यात मिसळायचा, वास न येणारा भिंतीचा रंग. भाचा रात्री त्याच खोलीत गणपतीवरची पानाफळांची माटवी बांधत बसला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पापण्या पुन्हा सुजून बंद. ना वाइप, ना दशावतारी रंग, चेहऱ्याला कशाचाही स्पर्श नाही. बहिणीने मला फोन केला तेव्हा तिच्या आवाजात भीती होती. दृष्ट, बाधा, सगळं बोलून झालं होतं. डॉक्टरांनी मात्र फोनवर ऐकताच विचारलं, "भिंतीला रंग दिलाय का?" आणि पॅच टेस्टसाठी गोव्याला पाठवलं.

पॅच टेस्टमध्ये पाठीवर छोट्या चकत्यांतून संशयित पदार्थ चिकटवतात, 48 तासांनी काढतात, तेव्हा बघतात आणि पुन्हा दोन दिवसांनी बघतात. चतुर्थीच्या आरत्या तो पाठ न भिजवता म्हणत होता. दुसऱ्या तपासणीत एका चकतीखाली लाल, फोडांचा गोल उठला. पदार्थाचं नाव मेथिलआयसोथायाझोलिनोन. वाइप्सच्या पाकिटामागच्या बारीक अक्षरांत शेवटून तिसरं नाव तेच होतं. मी ते पाकीट जपून ठेवलं होतं.

हा पदार्थ परिरक्षक आहे. ओल्या पाकिटात महिनोन्‌महिने पाणी राहायचं तर बुरशी आणि जंतू वाढू न देणारं काहीतरी घालावंच लागतं, त्याशिवाय वाइप बनूच शकत नाही. प्रश्न कोणतं घालायचं हा आहे. अमेरिकेतल्या कातडीतज्ज्ञांच्या संस्थेने 2013 साली याच पदार्थाला वर्षाचा ॲलर्जन, म्हणजे ॲलर्जी आणणारा पदार्थ, ठरवलं होतं. त्याच वर्षी युरोपातल्या सौंदर्यप्रसाधन उद्योगाच्या संघटनेनेच, न धुता अंगावर ठेवायच्या वस्तूंतून आणि वाइप्समधून तो काढा, असं आपल्या सभासदांना सांगितलं. 2017 पासून युरोपीय संघात अशा न धुवायच्या प्रसाधनांत त्याला बंदीच आहे, धुऊन टाकायच्या वस्तूंत अगदी अल्प मात्रेत चालतो. पण हाच पदार्थ पाण्यातल्या भिंतीच्या रंगातही घालतात, आणि रंग ओला असेपर्यंत, कधी नंतरही काही आठवडे, तो हवेत उडतो. ज्याच्या शरीराने त्याला एकदा शत्रू म्हणून ओळखलं त्याच्या पापण्या मग नुसत्या खोलीत बसून सुजतात.

इथे दोन दुखण्यांतला फरक सांगायलाच हवा. चुरचुरणं आणि सोलणं हे घर्षणाने, साबणी रसायनांनी कुणालाही होऊ शकतं, प्रमाण वाढलं की झालंच. कारण काढलं की ते थांबतं. अशी ॲलर्जी प्रत्येकाला होत नाही, पण झाली की बहुधा जन्माची. ती पहिल्या दिवशी दिसत नाही. वापरता वापरता आठवड्यांनी शरीर चिडतं, आणि त्यानंतरही प्रत्येक वेळी पुरळ एक-दोन दिवस उशिरा उठतं. म्हणूनच माणूस म्हणतो, महिनाभर वापरलं तेव्हा काही झालं नाही, मग याचं कसं असेल? भाचाही हेच म्हणत होता. त्याच्या चेहऱ्यावर दोन्ही दुखणी एकावर एक होती, आणि मला वाटतं पहिल्याने दुसऱ्याला दार उघडलं. फाटलेल्या, सोललेल्या कातडीतून असले पदार्थ सहज आत जातात.

आता मी वाइप्सच्या विरुद्ध आहे का? नाही. माझ्या पेटीत आजही एक पाकीट आहे, बिनवासाचं, घटक वाचून घेतलेलं. मे महिन्यातल्या लग्नात नवरीच्या डोळ्याचं लायनर घामाने फाकलं तर वाइपची घडी करून त्याच्या टोकाने तेवढीच रेघ काढता येते, अख्खा चेहरा पुन्हा करावा लागत नाही. रात्रीच्या कोकणकन्येने मुंबईला जाणारी पोरगी बर्थवर तोंड पुसून झोपली तर मेकअपसकट झोपण्यापेक्षा ते शंभरपट बरं. माझी सासू शेवटचे चार महिने अंथरुणाला खिळून होती. तिच्या मानेच्या वळ्यांतला घाम आम्ही साध्या, सुगंध नसलेल्या वाइप्सने पुसायचो आणि मागून ओल्या पंचाने टिपून घ्यायचो. त्या दिवसांत त्या पाकिटाचे आमच्यावर उपकारच होते. माझा आक्षेप पाकिटावरच्या त्या एका वाक्याला आहे. पाण्याची गरज नाही, असं नसतं. पाणी मिळेपर्यंत गरज भागते, एवढंच खरं. वाइपने पुसलेलं तोंड पहिल्या मिळेल त्या पाण्याने धुतलं, नळ नसेल तर बाटलीतल्या चार ओंजळींनी, तर निम्मा त्रास तिथेच टळतो.

पैशाचाही हिशोब आम्ही मांडला. त्याचं पाकीट 150 रुपयांचं, म्हणजे वाइप 5 रुपयांना. रात्रीला सात, म्हणजे 35 रुपये. हंगामात 120 नाईट धरल्या तरी 4200 रुपये. रात्रीला चहाचे तीन चमचे खोबरेल लागतं, भाव कितीही चढले तरी ते याच्या निम्म्यातही जात नाही.

आणि ते सात वाइप्स जातात कुठे? जत्रेच्या दुसऱ्या दिवशी देवळामागे फणसाच्या मुळाशी केशरी-काळे गोळे पडलेले मी पाहिलेत. कागदासारखे दिसतात म्हणून लोक निर्धास्त टाकतात. पण बहुतेक वाइप्सच्या कापडात पॉलिएस्टर किंवा तसलाच प्लास्टिकचा धागा असतो. पावसात ते विरघळत नाहीत. व्हाळातून नदीत, नदीतून समुद्रात जातात. संडासात टाकले तर शोषखड्डा तुंबतो, जाळले तर प्लास्टिकचा धूर. युरोपीय संघात 2021 पासून अशा वाइप्सच्या पाकिटावर प्लास्टिक असल्याचा शिक्का सक्तीचा आहे आणि त्या शिक्क्यावर चित्र कासवाचं आहे. आमच्या वायंगणीच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांच्या माद्या अंडी घालायला येतात त्या नेमक्या जत्रांच्याच महिन्यांत.

या हंगामापासून त्याची पहाट अशी आहे. पिशवीत खोबरेलची छोटी बाटली, जुन्या सुती पंचाचे हातरुमालाएवढे आठ तुकडे, साबण नसलेलं सौम्य फेसवॉश आणि घरून भरून नेलेली दोन लिटर पाण्याची बाटली. आधी खांद्यावर टॉवेल, म्हणजे शालू वाचतो. कोरड्या तोंडावर तेल, हलक्या बोटांनी गोल. डोळ्यांवर तेलाचं फडकं वीस आकडे मोजेपर्यंत नुसतं ठेवायचं, मग खाली ओढून घ्यायचं, घासायचं नाही. मग दोन तुकड्यांनी टिपणं. मग फेसवॉश, एकदाच, आणि बाटलीतलं पाणी. तेल मागे न राहिल्याने पुटकुळ्याही आल्या नाहीत. सगळ्याला आठ मिनिटं लागतात, वाइप्सला चार लागायची. टेम्पोवाला थांबतो. तुकडे घरी उकळत्या पाण्यात धुतात. कोणतीही नवी वस्तू आली की तो आधी आठवडाभर कोपराच्या आतल्या बाजूला दिवसातून दोनदा लावतो आणि मगच तोंडाजवळ नेतो.

ती दोन लिटरची बाटली मात्र मला सलते. ज्या गावात रात्रभर हजार माणसं याच्या द्रौपदीसाठी डोळे पुसतात, त्या गावाने पहाटे देवळामागे पाण्याचं एक पिंप आणि एक दिवा ठेवायला काय जातं? मंडप, लाउडस्पीकर, खाज्याची दुकानं, सगळ्याची व्यवस्था बैठकीत होते. मी माझ्या माहेरच्या जत्रेच्या बैठकीत उभी राहून हे बोलले. बायका सहसा तिथे बोलत नाहीत. यंदा पिंप होतं, दिवा होता, शेजारी कचऱ्याची बादलीही होती. बाकीच्या गावांशीही बोलणार आहे.

राहिला भिंतीचा प्रश्न. चुन्याला असलं परिरक्षक लागत नाही, चुना इतका तीव्र असतो की त्यात जंतू तगतच नाहीत. डॉक्टरांनी हे सांगितल्यावर बहिणीने दुकानदाराकडे चौकशीही केली नाही. "आमच्या सासऱ्यांच्या येळेक चुनोच मारीत," म्हणाली, "यंदा आमी पण चुनोच मारूया." गणपतीच्या खोलीतला तो रंग खरवडायला तिने मे महिन्यातच गडी बोलावला आहे, आणि भाच्याला त्या दोन दिवसांसाठी माझ्याकडे पाठवणार आहे.